ही मोकळी जमीन कुणाची?

व्हॅनलाइफचे व्हिडिओ बघणाऱ्या कुणालाही एक शॉट तोंडपाठ असतो. व्हॅनचं मागचं दार उघडं, आत गादीवर पसरलेले दोन पाय, स्टीलच्या मगातून निघणारी वाफ आणि दाराच्या चौकटीत दूरवर दरी, तलाव किंवा नुसतं गवत. मग ड्रोन वर जातो, व्हॅन ठिपक्याएवढी होते, गिटार वाजते. असे व्हिडिओ मी ढिगानं पाहिलेत आणि पुढेही बघेन. पण ती व्हॅन ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची, हे मला त्यातल्या एकाही व्हिडिओतून कळलेलं नाही.

हा प्रश्न रसभंग करणारा वाटेल. मला तो समीक्षेचा वाटतो. घर सोबत घेऊन फिरणाऱ्या माणसांची गोष्ट सांगणारा प्रत्येक सिनेमा या प्रश्नाचं काहीतरी करतोच. तो त्याला चौकटीच्या मधोमध ठेवतो, कोपऱ्यात सरकवतो किंवा पुसून टाकतो. या एका प्रश्नातून मला दोन सिनेमांकडे बघायचं आहे. एक क्लोई झाओचा ‘नोमॅडलँड’ (२०२०), ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर मिळाली. दुसरा भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ (२०१५), ज्याची दखल ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी घेतली. एक अमेरिकेतल्या व्हॅनवाल्यांचा, एक आपल्याकडच्या धनगरांचा. हे दोन सिनेमे सहसा कुणी शेजारी ठेवत नाही.

माझ्याकडे ते शेजारी आले याला कारण पाहुणे. गेल्या दिवाळीत चुलत भाऊ, वहिनी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा पुण्याहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन सास्तूरला आले. सोलापूरहून आत्या आली. दारात व्हॅन उभी होती म्हणून पहिल्या रात्री ‘नोमॅडलँड’ लावला. तो संपल्यावर आत्या म्हणाली, आता आपल्याकडचं काहीतरी लाव. दुसऱ्या रात्री ‘ख्वाडा’ लावला.

सास्तूर धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या गावांत सास्तूर होतं. मी त्यानंतर जन्मलो. त्यामुळे भूकंप मला घरच्या माणसांच्या सवयींतूनच माहीत आहे. हे सांगायचं कारण एवढंच की ‘घर म्हणजे सुरक्षित जागा’ हे वाक्य आमच्या भागात आपोआप खरं मानलं जात नाही. सिनेमा बघतानाही नाही.

दार उघडलं की काय दिसतं

नेवाडा राज्यातलं एम्पायर हे जिप्समच्या कारखान्यासाठी वसलेलं गाव. २०११ मध्ये कारखाना बंद पडला, कंपनीच्या घरांतली माणसं निघून गेली आणि काही महिन्यांत गावाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. इथपर्यंत सगळं खरं. सिनेमातली फर्न मात्र काल्पनिक. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडनं उभी केलेली ही साठीची बाई. नवरा वारलेला, गाव उठलेलं. ती एका पांढऱ्या व्हॅनमध्ये संसार मांडते आणि निघते. नाताळच्या गर्दीत ॲमेझॉनच्या गोदामात पॅकिंग, कधी कॅम्पग्राउंडवर संडास साफ करणं, कधी नेब्रास्कात साखरेच्या बीटचा हंगाम. मधे रस्ता.

जोशुआ जेम्स रिचर्ड्सचा कॅमेरा ही भटकंती जास्त करून दिवस उगवताना किंवा मावळताना टिपतो. आभाळ जांभळट, माणसं अर्धी अंधारात. फोटोग्राफी करणाऱ्यांना या वेळेचं महत्त्व सांगायला नको. या प्रकाशात पत्र्याची जुनाट व्हॅनसुद्धा देखणी दिसते. साउथ डकोटातल्या बॅडलँड्सच्या मातीच्या सुळक्यांमधून फर्न चालते तेव्हा पडद्यावर इतकी जागा असते की बघणाऱ्याचा श्वास मोकळा होतो. सिनेमाचं हे बळ खरं आहे आणि ते मला नाकारायचं नाही.

त्याहून मोठं बळ माणसांचं. लिंडा मे, स्वँकी, बॉब वेल्स ही खरी व्हॅनमध्ये राहणारी माणसं आपापल्या नावानं सिनेमात आहेत. स्वँकी आजारी असल्याची गोष्ट रचलेली, पण तिची बोलण्याची ढब रचलेली नाही. ती फर्नला सांगते की कड्याला चिकटलेली पाकोळ्यांची शेकडो घरटी तिनं पाहिली, आणि खाली पाण्यावर अंड्यांची टरफलं तरंगत होती. पुढं ती एकटी अलास्काला जाते आणि तिथून फर्नला मोबाइलवर घरट्यांचा व्हिडिओ पाठवते. मला हा या सिनेमातला निसर्गचित्रणाचा सगळ्यात चांगला नमुना वाटतो. थरथरता, साधा, एकाच माणसासाठी काढलेला. मी पोचले, एवढाच त्याचा अर्थ.

आता माझा प्रश्न. फर्न राहते ती जमीन कुणाची? सिनेमात एकदा रात्री व्हॅनवर थाप पडते आणि इथं मुक्काम करता येणार नाही असं तिला सांगितलं जातं. फर्न दचकते, निघते, प्रसंग संपतो. त्यानंतर जमीन जणू सगळ्यांची होते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या पश्चिम भागात केंद्र सरकारच्या ताब्यात अफाट जमीन आहे. तिच्या मोठ्या भागावर साधारण १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो, मग हलावं लागतं. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला हिवाळ्यात व्हॅनवाल्यांचा मेळा भरतो तो या नियमाच्या आधारानं. त्या देशातलं व्हॅनमधलं स्वातंत्र्य अशा एका सरकारी कायद्यावर उभं आहे. आणि ही सगळी जमीन सरकारची होण्याआधी तिथल्या आदिवासींची होती. बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण भाग तर आजही ओग्लाला लकोटा लोकांच्या पाइन रिज वस्तीच्या हद्दीत येतो. झाओला हे माहीत नाही असं म्हणायची सोय नाही, तिचे आधीचे दोन्ही सिनेमे त्याच पाइन रिजवर घडतात. तरी ‘नोमॅडलँड’मध्ये बॅडलँड्स म्हणजे फक्त सुळके आणि वारा.

फर्न गादीवरून का उठते?

सिनेमाचे मला सगळ्यात आवडलेले दोन प्रसंग मोकळ्या आभाळाखालचे नाहीत. ते घरातले आहेत, नातेवाइकांच्या.

व्हॅन बिघडते, दुरुस्तीला पैसे नसतात, म्हणून फर्न कॅलिफोर्नियात बहिणीकडं जाते. अंगणात पाहुणे जमलेत. मेव्हणा घरं-जमिनी विकण्याच्या धंद्यात. बोलता बोलता फर्न त्यांच्यावर घसरते. लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून आणि वर कर्ज काढून, न परवडणारी घरं घ्यावीत म्हणून तुम्ही त्यांना भरीला घालता, असा तिचा रोख. वातावरण बिघडतं. बहीण सावरून घेते, पैसेही देते, पण तू फार लवकर निघून गेलीस हे तिच्या बोलण्यात येतंच. ज्यांच्या घरात कुणी एक जण सणाला उशिरा येऊन लवकर निघतो, त्यांना हे टेबल ओळखीचं वाटेल.

दुसरा प्रसंग डेव्हच्या मुलाच्या घरचा. डेव्ह हा फर्नचा वाटेवरचा मित्र. तो भटकंती सोडून मुला-नातवाजवळ राहायला गेला आहे. फर्न भेटायला येते. घर प्रेमळ, तिच्यासाठी खोली तयार, मऊ पलंग. डेव्ह तिला राहण्याचा आग्रह करतो. रात्री ती पलंगावरून उठते आणि बाहेर जाऊन व्हॅनमध्ये झोपते. पहाटे कुणाचाही निरोप न घेता निघून जाते.

हा प्रसंग सहसा स्वातंत्र्याचा म्हणून वाचला जातो: फर्नला चार भिंती नकोत, तिला रस्ता हवा. भावाचंही तेच मत पडलं. “बघ, ही खरी मोकळी बाई,” तो म्हणाला. आत्या तेव्हा लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मोकळी कशाची? घर अंगावर येऊलालंय की तिच्या.”

मी सिनेमा थांबवला. आत्या बोलायला लागली. भूकंपाआधी इकडची घरं काळ्या दगडाची, मातीत रचलेली, दोन-तीन हात रुंद भिंतींची. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचं माळवद. भिंत जितकी जाड तितका वाडा मोठा, तितकी पत. त्या पहाटे त्या भिंतींनीच माणसं मारली. पट्ट्यात मिळून आठ हजारांच्या आसपास. शेतात, अंगणात झोपलेले बरेच वाचले. पुढं कितीतरी महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि पक्की घरं मिळाल्यावरही वर्षानुवर्षं बाहेर झोपले. आत्या आजही आमच्याकडं आली की ओसरीच्या आत अंथरूण टाकत नाही. या दिवाळीत ती सकाळी व्हॅनपाशी गेली, पत्र्यावर दोनदा हात मारला, आत डोकावली आणि भावाला म्हणाली, “ह्याला पैशे दिलाव व्हय रे लेकरा? आमी तर फुकटात ऱ्हायलाव पत्र्यात.” आणि मग थोडं थांबून, “पर हलकं हाय. पडलं तर काय हुत नाही.”

आत्याच्या या वाक्यानं फर्नचा अर्थ माझ्यासाठी बदलला. फर्न स्वातंत्र्यवादी नाही आणि बिचारीही नाही. एक घर तिच्यावर कोसळून गेलंय: नवरा, कारखाना, गाव, एकाच ढिगात. तेव्हापासून तिला पडलं तरी जीव जाणार नाही असंच, हलकं घर हवंय. वडिलांनी दिलेल्या ताटल्या डेव्हच्या हातून फुटतात तेव्हा ती का चवताळते आणि तुकडे का चिकटवत बसते, हेही मग कळतं. तेवढंच वजन तिनं सोबत घेतलेलं असतं. मॅकडॉर्मंडनं हे सगळं जवळजवळ न बोलता केलंय. या वाचनात सिनेमा लहान होत नाही, उलट मोठा होतो. त्यातली सुंदर मोकळी जागा ही भीतीनं निवडलेली जागा आहे, असं दिसायला लागतं.

लिंडा मेची पाच एकर

पण याच वाचनानं सिनेमाची एक फट उघडी पडते. ‘नोमॅडलँड’ ज्या पुस्तकावरून आला ते जेसिका ब्रूडरचं, २०१७ सालचं, पत्रकारितेचं पुस्तक. त्यात फर्न नाही. त्याच्या केंद्रस्थानी लिंडा मे आहे. पुस्तकात गोदामातल्या कामानं म्हाताऱ्या शरीरांची होणारी झीज आहे, भिंतीवरच्या यंत्रातून फुकट मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आहेत. सिनेमात गोदाम येतं, स्वच्छ, उजळ, पिवळे खोके सरकताना. फर्न मैत्रिणींबरोबर जेवते. आणि आपण पुढं जातो. बीटचा हंगामही तसाच, काही सुंदर राखाडी शॉट्समध्ये उरकतो.

आम्हाला तो हंगाम चटकन ओळखू आला, कारण साखरेसाठी घर सोडणारी माणसं आमच्या भागातूनही दरवर्षी निघतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पीठ, शेळी, लेकरं. पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत मुक्काम. हेही चाकावर आलेलं घर, हाही हंगामी प्रवास. याचा कुणी ड्रोन शॉट काढत नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या जिथं मुक्काम करतील तिथं वीज, पाणी, स्वच्छतागृह असावं अशी त्यात कल्पना आहे, आणि ती योग्यच आहे. वीज, पाणी, स्वच्छतागृह हीच यादी ऊसतोड कामगारांच्या तळावर कितीतरी वर्षं मागितली जाते आहे.

ब्रूडरच्या पुस्तकातली शेवटची महत्त्वाची गोष्ट ही की लिंडा मेला भटकत राहायचं नव्हतं. तिला टायर आणि मातीपासून बांधलेलं, वीज-पाणी स्वतःचं स्वतः भागवणारं एक कायमचं घर उभारायचं होतं. त्यासाठी तिनं ॲरिझोनात पाच एकर ओसाड जमीन विकत घेतली. सिनेमात लिंडा मे या घराबद्दल फर्नशी बोलते, पण ते एका मैत्रिणीचं स्वप्न म्हणून येतं आणि मागं पडतं. खऱ्या भटक्या बाईला जमीन हवी होती. तिच्या जागी जमीन न मागणारी काल्पनिक फर्न मध्यभागी आली, आणि म्हणून कॅमेऱ्याला सगळी जमीन मोकळी दाखवता आली. माझ्या मते हा या सिनेमाचा सगळ्यात मोठा निर्णय आहे. त्याचं सौंदर्य त्यातून येतं आणि त्याचं मौनही.

मेंढरं कुठं बसवायची

‘ख्वाडा’ म्हणजे आडकाठी. यातला रघू कऱ्हे (शशांक शेंडे) मेंढपाळ आहे. त्याची जमीन वनखात्याकडं गेली आणि ती परत मिळवायला तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारतो आहे. तोवर कुटुंब मेंढरांमागं फिरतं. धाकट्या मुलाला (भाऊसाहेब शिंदे) कुस्तीचं वेड आणि लग्नाची घाई. बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर, चूल तीन दगडांची, झोपायला माळ. सिनेमा बनवायला दिग्दर्शकानं स्वतःची शेती विकली, हे त्या वेळी बरंच छापून आलं होतं. जमीन परत मिळवण्याची गोष्ट सांगायला जमीन विकावी लागावी, ही गोष्टीच्या आतली गोष्ट.

माळ इथंही देखणा आहे. पण ‘ख्वाडा’तल्या एकाही माळाला मोकळा म्हणता येत नाही. दिसायला कुंपण नसतं, तरी प्रत्येक तुकड्याला धनी असतो: वनखातं, शेतकरी, ग्रामपंचायत, सरपंच. मेंढरं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेली की कुणीतरी ओरडतं. तळ टाकायचा तर विचारावं लागतं, आणि ज्याला विचारायचं तो त्याची किंमत वसूल करतो. रुंद शॉटमध्ये कळप दिसला की ‘नोमॅडलँड’सारखा श्वास मोकळा होत नाही, पोटात गोळा येतो: आता कोण येणार?

धनगर आणि शेतकरी यांच्यात एक जुना व्यवहार आहे. पीक निघाल्यावर शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतो, रात्रभर पडलेल्या लेंड्या-मुताचं खत होतं आणि धनगराला त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे भटकणाऱ्याला जमिनीवर पाय ठेवायला करार लागतो, आणि तो दर रात्री नव्यानं करावा लागतो. अमेरिकेतले १४ दिवस कायद्यानं मिळतात, इथली एक रात्र ओळखीनं. हे ‘ख्वाडा’ला आतून माहीत आहे. तो कुठंही थांबून समजावून सांगत नाही. माणसं भाकरी खाताना, मेंढरं मोजताना, धाकट्याच्या लग्नाची थट्टा करताना या अटी आपोआप कळत जातात. जागेवरच टिपलेल्या आवाजासाठी या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो किती योग्य होता हे हेडफोन लावून बघितलं तर पटेल. मेंढरांचा, वाऱ्याचा आणि माणसांच्या हाकांचा आवाज एकमेकांत मिसळलेला आहे. मेंढपाळाच्या माळावर शांतता नसते.

‘ख्वाडा’ निर्दोष नाही. सरपंच येताक्षणी खलनायक आहे, त्याला दुसरी छटाच नाही. शेवटाकडं सिनेमा हाणामारीत शिरतो आणि इतका वेळ जमिनीच्या अटींनी बांधलेली गोष्ट एका माणसाच्या दुष्टपणावर येऊन थांबते. तो एक माणूस नसता तर रघूचा प्रश्न सुटला असता का? कोर्ट, वनखातं, कागद तसेच राहिले असते. बायकांच्या वाट्याला काम भरपूर आणि बोलणं थोडं आलंय. बिऱ्हाड उचलून दर दोन दिवसांनी चूल मांडणारी बाई घराबद्दल काय विचार करते, हे इथं कळत नाही. तिथं ‘नोमॅडलँड’ फार पुढं आहे. तो एका बाईच्या चेहऱ्यावर थांबायला तयार आहे. या दोन सिनेमांना एकमेकांची गरज आहे असं मला वाटतं ते यामुळंच.

तार पुसलेला फोटो

दोन सिनेमांच्या मधल्या दिवशी पुतण्या कॅमेरा घेऊन माकणीच्या धरणाकडं गेला. मीही बरोबर होतो. त्याचा हात चांगला आहे. घाई करत नाही, पक्ष्याला उठवत नाही. विजेच्या तारेवर नीलपंख बसला होता, तो उडाला तेव्हाची पंखांची निळाई त्यानं नेमकी पकडली. मग काठानं मेंढरांचा कळप आला, मागं डोक्यावर मुंडासं आणि कानाला मोबाइल लावलेला धनगर. पुतण्यानं तोही फोटो काढला.

रात्री त्यानं फोटो दाखवले. नीलपंखाखालची तार गायब होती. धरणाच्या फोटोत पाणी होतं, गवत होतं, सोनेरी ऊन होतं. मेंढरं आणि धनगर नव्हते. फोनमध्ये बोट फिरवलं की नको ते पुसलं जातं आणि त्या जागी गवत उगवतं, इतकं बेमालूम की खूण राहत नाही. “काका, फ्रेम क्लीन होते,” तो म्हणाला.

मी त्याला दोष देत नाही. त्यानं तेच केलं जे निसर्गाचे बहुतेक फोटो करतात: बायका काढल्या, बैल काढले, तारा काढल्या, मग जे उरलं त्याला निसर्ग म्हटलं. पण त्या ठिकाणाबद्दल मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. तेरणा नदीवरचं हे धरण. भूकंपानंतर कितीतरी दिवस लोक आणि शास्त्रज्ञही वाद घालत होते की या साठलेल्या पाण्याच्या भारानं तर जमीन हलली नाही ना. या पाण्याखाली शेतं गेली आहेत. काठावरचं गवत चारायला त्या धनगराला कुणाला तरी विचारावं लागलं असणार, कदाचित तो फोनवर तेच विचारत होता. आणि तार आहे म्हणून नीलपंख तिथं बसला. माळावर उंच झाड नसेल तिथं त्याला टेहळणीला तारच बरी.

पुतण्यानं मूळ फोटो परत उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघत बसला. दुसऱ्या रात्री ‘ख्वाडा’ बघताना त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. मधेच तो म्हणाला, “यात कायम कुणीतरी फ्रेमच्या बाहेरून येतं, ना?” या सिनेमाबद्दल याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. ‘नोमॅडलँड’मध्ये चौकटीबाहेर आणखी निसर्ग आहे. ‘ख्वाडा’मध्ये चौकटीबाहेर जमिनीचा मालक आहे.

घर किती चौरस फुटांचं

यावर कुणी म्हणेल, निसर्ग बघतानाही सातबारा काढायचा का? थोडा वेळ नुसतं बघू द्या. ही मागणी रास्त आहे. मलाही नुसतं बघायला आवडतं. स्वँकीच्या पाकोळ्यांना मी कधी मालक विचारणार नाही. पण ज्या सिनेमाचा विषयच घर आणि घराबाहेर असणं हा आहे, त्याला जमीन विचारणं म्हणजे त्याचा विषयच विचारणं.

आमच्या भागात हे फार उघडं झालं. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी बसवली गेली. एम्पायरचा पिनकोड गेला. इकडं पिनकोड राहिले आणि गावं हलली. नवी घरं कुणाला किती मोठी द्यायची याचा नियम होता: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याच्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. मेलेल्यांत गरीब-श्रीमंत दोन्ही होते. घर मात्र जमिनीच्या मापानं मिळालं. ज्या गावानं असा तक्ता बघितला आहे, तिथं बसून ‘नोमॅडलँड’ बघताना फर्नचं मेव्हण्याशी भांडण करमणुकीचं राहत नाही. ती बरोबर बोलते आहे हे कळतं. आणि हेही कळतं की सिनेमानं ते भांडण जेवणाच्या टेबलावर संपवलं, बाहेरच्या मोठ्या आभाळापर्यंत नेलं नाही.

दोन्ही सिनेमे बघा, लागोपाठ, आणि शक्य असेल तर घरातल्या थोरल्या माणसांबरोबर. ‘नोमॅडलँड’च्या शेवटी फर्न रिकाम्या एम्पायरमध्ये परत येते, आपल्या जुन्या घरातून चालत जाते आणि मागच्या दारातून बाहेर पडते. समोर वाळवंट, पलीकडं डोंगर, मधे कुंपण नाही. सिनेमाभर ज्या मोकळ्या जागेकडं ती धावत होती ती तिच्या स्वतःच्या मागच्या दारात होती, हे झाओनं किती हळुवार दाखवलंय. ते घर कंपनीचं होतं. त्यामागच्या मोकळ्या जागेवर फर्नचा हक्क कधीच नव्हता, नुसती नजर होती. तेवढं ध्यानात ठेवून तो शॉट पुन्हा बघा. तो तितकाच सुंदर राहतो, फक्त जास्त दुखतो. आणि मग रघू कऱ्हे कोर्टाच्या पायऱ्या कशासाठी झिजवतो, हे कुणी सांगावं लागत नाही.